बेरीज बरोबर आहे

परक्यानं केलेले उपकार लक्षात ठेवायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. घरच्यांनी केलेलं मात्र मला दिसलंच नाही, आणि त्याची किंमत आमच्या अख्ख्या घरानं मोजली.

बायकोला कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा मी बार्शी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होतो. उपचारांसाठी परळला, टाटा हॉस्पिटलमध्ये जायचं ठरलं. मी रजा टाकली. रात्री कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली की पहाटे दादर. घरी आई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली, मुलं शाळेत, दावणीला म्हशी आणि थोडीफार कोरडवाहू जमीन. हे सगळं धाकट्या भावाच्या आणि भावजयीच्या गळ्यात टाकून मी निघालो. ‘तुम्हाला जमेल का?’ असं त्यांना विचारल्याचं मला आठवत नाही. ते करणारच, हे मी धरून चाललो होतो.

मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथं राज्यभरातून आलेली, आमच्यासारखीच माणसं होती. विदर्भातली एक बाई स्वतःच्या नवऱ्यासाठी मऊ भात करायची, तेव्हा माझ्या बायकोसाठीही मूठभर तांदूळ जास्त टाकायची. प्लेटलेट लागल्या तेव्हा कॉलेजातला एक अनोळखी मुलगा येऊन देऊन गेला, चहासुद्धा न घेता. एका टॅक्सीवाल्यानं हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि भाड्याचे पैसे परत माझ्या खिशात कोंबले. ज्यांची नावं-पत्ते मिळाले ते मी डायरीत उतरवून घेत होतो. गावी परतल्यावर त्या प्रत्येकाला मी पोस्टकार्ड पाठवलं.

तेवढं मी नीट केलं.

बायको बरी होऊन घरी आली, तेव्हा आम्ही सत्यनारायण घातला. जेवणं झाल्यावर भाऊबंद ओट्यावर पान खात बसले होते. मी मुंबईच्या आठवणी सांगितल्या. डॉक्टरांचं, त्या मुलाचं, टॅक्सीवाल्याचं तोंड भरून कौतुक केलं. बिनपगारी रजेनं आणि पतपेढीच्या कर्जानं हात आखडला होता. भाऊबंदांपैकी कुणीतरी दुपारी माझ्या कानालाही लागलं होतं. पण प्रश्न माझ्याच तोंडून निघाला. सगळ्यांसमोर मी भावाला म्हणालो, “महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होतो, त्याचं काय काय झालं ते जरा बघू.”

भाऊ काही बोलला नाही. भावजय आतून हात पुसत आली. तिनं फडताळातून माझ्याच मुलाची एक अर्धी कोरी वही काढली आणि माझ्यापुढं ठेवली. ठसठशीत अक्षरात पानापानावर तारखा घातलेल्या. आईची औषधं. एरंडेल. पावडरचा डबा. दळण. पोराचा कंपास. पोरीच्या गॅदरिंगचा ड्रेस, भाड्यानं. सरकी पेंड. तिच्या स्वतःच्या नावावर, भावाच्या नावावर किंवा त्यांच्या मुलाच्या नावावर एक ओळ नव्हती. उरलेले पैसे रुमालात बांधून वहीसोबतच ठेवलेले होते.

तिथं तरी मला थांबता आलं असतं. मी खिशातून पेन काढलं आणि पानापानाची बेरीज केली. शेवटी म्हणालो, “बेरीज बरोबर आहे.”

मधल्या काळात मी गाडगेबाबांच्या नावाच्या छपराखाली राहिलो होतो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्यानागड्याला वस्त्र हा त्यांचा संदेश मला पाठ होता. पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा त्या माणसानं १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली आणि तो मोकळा झाला. शाळेत त्यांची पुण्यतिथी आली की हे सगळं मी मुलांना सांगत असे. आणि घरी मी हे केलं होतं.

त्या दिवाळीनंतर भावानं चूल वेगळी मांडली. भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही. मागच्या दोन खोल्यांत ते राहायला गेले. कुणाकडं राहायचं असं आईला विचारलं, तर तिनं मागच्या घराकडं बोट केलं. थोरला मुलगा म्हणून मला ते लागलं, पण तिचा निर्णय बरोबर होता. माझी पोरगी शाळेतून आली की दप्तर आमच्याकडं टाकायची आणि जेवायला काकूकडं जायची. तिला आम्ही कधी अडवलं नाही.

आई मागच्या घरातच गेली. तिला शेवटची आंघोळ माझ्या बायकोनं आणि भावजयीनं घातली. रात्री बायको म्हणाली, “अहो, आईंच्या पाठीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता.”

त्या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला. हॉस्पिटलात मी अंथरुणावर पडून राहिलेले रुग्ण पाहिले होते. एकाच अंगावर पडून राहिलं की माकडहाडाशी, टाचांशी कातडीचा रक्तपुरवठा कमी पडतो, आधी लाली येते आणि मग खोल जखम होते. ती होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, अंग कोरडं ठेवावं लागतं, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नसते. रात्रीसुद्धा. वॉर्डातल्या सिस्टरनी हे मला समजावून सांगितलं होतं. वहीतला तो पावडरचा डबा कशासाठी होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इतकी वर्षं ती बाई रात्री-अपरात्री उठत होती, आणि मी तिच्याकडं पेंडीचा हिशोब मागितला होता.

पुढं २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे वाचनात आले. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. असं काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. मी गणिताचा मास्तर. त्या वहीत पैसा होता, मिनिटं नव्हती, म्हणूनच माझी बेरीज बरोबर आली.

आईच्या वर्षश्राद्धाला तेच भाऊबंद त्याच ओट्यावर बसले होते. हिशोब चारचौघांत मागितला होता, तेव्हा हेही चारचौघांतच बोलणं भाग होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “आईची सेवा मी केली नाही, हिनं केली. माझी पोरं हिनं सांभाळली. त्या दिवशी मी जे विचारलं, ते विचारायला नको होतं.” भाऊ खाली बघत राहिला. भावजय म्हणाली, “दादा, पानं वाढायची आहेत, बसा आता.” चूल आजही वेगळी आहे. ती माझ्यामुळं वेगळी झाली, आणि ती पुन्हा एक व्हावी असा आग्रह धरायचा अधिकार मला नाही.

गेल्या वर्षी भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात तिच्या उशाशी माझी बायको राहिली. इकडं धारा काढणं, डेअरीला दूध घालणं, दळण, स्वयंपाक हे भावानं आणि मी मिळून केलं. दोघं असूनही रात्री अंग मोडून यायचं. एका संध्याकाळी मी तिला फोनवर म्हणालो, “आईचं सगळं करून हेही तू एकटीनं कसं निभावलंस गं?”

“ते राहू द्या दादा,” ती म्हणाली, “गाभणीला पेंड किती घातली, ते सांगा आधी.”