रविवारचा गुणाकार

गणिताशी माझे कधीच पटले नाही. अकरावीला विज्ञान शाखेत गणिताने पुरते लोळवले आणि मी कला शाखेत आलो. अण्णा काहीच बोलले नाहीत. ते मार्केट यार्डातल्या आडत दुकानात दिवाणजी. माझ्या शिकवणीच्या फीसाठी रविवारी आणखी एका दुकानाच्या वह्या लिहायचे. शिकवणी सुटली, वह्या मात्र सुटल्या नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला फार बोचायचे.

गेल्या वर्षी ग्रंथालयात एक संख्या भेटली: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. पटाच्या पहिल्या घरात एक दाणा, पुढे प्रत्येक घरात दुप्पट, ही बुद्धिबळाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पटाला ६४ ऐवजी ६७ घरे असती तर एकूण एवढे दाणे लागले असते! मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ मध्ये ही संख्या मूळ आहे असे सांगितले. १८७६ मध्ये ल्यूकाने ती मूळ नाही हे सिद्ध केले. पण अवयव त्यालाही सापडले नाहीत. म्हणजे घरात चोर आहे हे नक्की, कुठल्या खोलीत ते ठाऊक नाही.

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गणितज्ञांच्या सभेत कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक कोल उभे राहिले. सांगतात की, ते एक शब्दही बोलले नाहीत. फळ्याच्या एका बाजूला त्यांनी ही संख्या काढली, दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार केला. उत्तर तेच आले. ते जागेवर जाऊन बसले आणि सभेत टाळ्यांचा कडकडाट झाला. किती वेळ लागला, असे पुढे कुणी विचारले तेव्हा म्हणाले, "तीन वर्षांचे रविवार."

दिवाळीच्या सुट्टीत हे मी अण्णांना सांगितले. त्यांनी जुन्या कॅलेंडरचे पान पालथे केले आणि म्हणाले, "आकडे सांग." आधी नवाचा ताळा घेतला. एकाची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, दोन्हींचा एक. उत्तराची १०९, तिचाही एकच. "पण ताळा जुळला म्हणजे हिशेब बरोबर असे नाही. आकड्यांची अदलाबदल त्यात लपते." मग आठ ओळींचा गुणाकार मांडला. एका ओळीत हातचा राहिला, तो शोधण्यात अर्धा तास गेला. शेवटी एकवीसही आकडे जुळले.

"पण सापडले कसे?"

मला सगळे कुठे येते! एवढेच सांगितले की या संख्येच्या कोणत्याही अवयवातून एक वजा केला, तर उरलेल्याला १३४ ने नि:शेष भाग जातो. त्यामुळे पुष्कळ आकडे न तपासताच गळतात. अण्णांनी लगेच पहिल्या अवयवाला भाग लावून पाहिला. १४४५५८०, बाकी शून्य.

"नोकरी सांभाळून केले म्हणतोस? किती वेळा चुकला असेल बिचारा."

मग दुकानाची वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "बस. बेरजा तू कर."

पहिल्याच पानावर माझी बेरीज सतरा रुपयांनी चुकली.