तुझ्या कपातली साखर

जळगाव

चि. सौ. सोनूस,


तुझं पत्र मिळालं. घरात सगळे असतात, फोनवर मोकळं बोलता येत नाही म्हणून लिहिलंस, फार बरं केलंस. मीही कागदावरच लिहितेय, दुपारी सवडीनं वाच. धुळ्याचं घर छान आहे, माणसं मायेची आहेत, फक्त चहा तेवढा घशाखाली उतरत नाही, असं तू लिहितेस आणि लगेच पुढे 'एवढ्याशा गोष्टीचं काय, मावशी' असंही म्हणतेस. दिवसातून तीन-चार वेळा जे तोंडाला लावायचं ते एवढंसं कसं? तुझी आई म्हणते, होईल सवय. सवय होतेच ग, मी नाही म्हणत नाही. पण मला नेमकी तीच नको आहे.

सकाळी मोठ्या पातेल्यात सगळ्यांचा एकच चहा, पाण्याबरोबरच मुठीनं साखर, आणि तू अर्धा कप मोरीत ओततेस, तेही कोणी बघत नाही असं पाहून. हे वाचून मला वाईट वाटलं. त्याहून जास्त वाईट वाटलं ते तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं. 'डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली आहे असं सांगून टाकू का?' असं तू विचारलंयस. नको. मुळीच नको. हे एवढं लांबण लावतेय ते त्या एका 'नको'साठीच.

आपल्या खान्देशात बाईनं बिनसाखरेचा चहा मागायला एकच कारण चालतं, ते म्हणजे तिला शुगर असणं. 'तिला शुगर आहे' म्हटलं की लगेच दुसऱ्या शेगडीवर छोटी पातेली चढते, कोणी ब्र काढत नाही, उलट 'थोडी बिस्किटं घे, ती चालतात' म्हणून आग्रह होतो. तीच बाई धडधाकट असताना 'मला गोड चहा आवडत नाही' म्हणाली तर तो नखरा ठरतो, माहेरचा थाट ठरतो. आजाराला मान आहे, आवडीला नाही. आपल्या नात्यातल्या कितीतरी बायका अशाच डॉक्टरांच्या आड लपल्या, हे मला माहीत आहे. कुणी ॲसिडिटी सांगितली, कुणी गुरुवार धरला, कुणी चहाच सोडला. आपल्याला काय आवडतं हे घरात सरळ सांगितलंय अशी बाई फार क्वचित भेटते.

आणि तेच बाजारात बघ. तुझे काका फुले मार्केटात गाडीपाशी उभे राहून 'एक फिका, अद्रक जास्त' म्हणतात. चहावाला मान वर करून बघतसुद्धा नाही. शेजारचा 'साखर बरोबर, पत्ती कडक' म्हणतो, तिसऱ्याला कोरा हवा असतो, चौथ्याला मलई नको असते. प्रत्येकाला आपापल्या आवडीचा चहा मिळतो. गल्ल्यावर चार नाणी टाकणाऱ्या परक्या माणसाची आवड जिथे विचारली जाते, तिथे घरातल्या सुनेची विचारायला काय हरकत आहे? हा प्रश्न मी इथे जळगावात पुष्कळांना विचारला आहे. उत्तर म्हणून बहुतेकांनी मला चहाच पुढे केला आहे, गोड.

पण सासूबाईंवर रागावू नकोस. त्या हट्टी नाहीत. साखरेचा अर्थ त्यांच्या पिढीला वेगळा आहे, तो आधी समजून घे. तुझ्या आजीच्या घरी, यावलकडे, रेशनची साखर आली की ती पत्र्याच्या डब्यात फडताळाच्या वरच्या खणात जायची. ती पाहुण्यांची. घरातल्यांचा चहा गुळाचा. 1972च्या दुष्काळात तर पुष्कळ घरांत गूळही मोजून होता. फैजपूरला साखर कारखाना आणि आपण रेशनच्या रांगेत, हे आम्ही पाहिलेलं आहे. कारखान्यांवरची लेव्ही, म्हणजे रेशनसाठी सरकारला स्वस्तात साखर द्यायची सक्ती, तर अलीकडे, 2013 साली उठली. अशा दिवसांत पाहुण्याच्या कपात एक चमचा जास्त पडणं म्हणजे 'तुम्ही आम्हाला मोठे' असं न बोलता सांगणं होतं. व्याह्यांपुढे फिका चहा गेला तर वर्षानुवर्षं टोमणे ऐकावे लागत. 'साखर नही ते तो चहा कसाना?' हे तुझ्या आजेसासूबाई म्हणतात ते त्या काळातून आलेलं आहे. तू 'साखर कमी' म्हणालीस की त्यांच्या कानावर 'तुमचा मान नको' असं पडतं. म्हणून हे सांगायचं ते कप परत करताना सांगू नकोस. चहा चढायच्या आधी, ओट्यापाशी उभं राहून सांग.

मात्र ही रीत सनातन आहे असं कोणी म्हणालं तर ते खरं मानू नकोस. आपल्या खेड्यापाड्यांत पाहुण्याला ताक नाहीतर गूळ-पाणी मिळायचं. चहाला गावोगाव पोचवलं ते चहा-उद्योगाच्या प्रचारानं, 1930 नंतरच्या दोन-तीन दशकांत, फुकट कप वाटून आणि स्टेशनांवर पाट्या लावून. त्याच सुमाराला आसामातल्या आमगुडीच्या मळ्यात मॅकर्चर नावाच्या साहेबानं पानं चुरडून, फाडून, वळवणारं यंत्र काढलं. आज आपण जी दाणेदार पत्ती वापरतो ती त्या यंत्रातून निघते. ती झटकन उतरते, रंग गडद देते, थोडक्यात जास्त कप होतात, म्हणून गरिबाला परवडली. पण ती कडकही असते, आणि त्या कडकपणाला दूध-साखर लागते. तेव्हा आपला हा दाट, गोड, उकळलेला चहा तुझ्या आजीच्या वयाचा. त्याला शास्त्राधार नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही पाड्यांवर अजून कोराच चहा पितात, दूध कुठून आणणार? त्यांचा पाहुणचार काही कमी असतो का?

आपल्याकडे कपातल्या चहापेक्षा तो कोणी दिला, कोणासमोर प्यायला, यावरूनच जास्त रामायण झालं आहे. 1890 साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोश्यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून दिली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, टिळकांना-रानड्यांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत या प्रकरणानं घरात झालेला मनस्ताप आहे, तो जरूर वाच. एवढी मोठी माणसं, आणि भांडण एका कपावरून! आणि ही तर वरच्यांची गोष्ट. आपल्याच भागातल्या खेड्यांत हॉटेलाच्या बाहेर कोनाड्यात दलितांची कपबशी निराळी ठेवलेली असे, प्यायच्या आधी त्यांनीच उचलायची, पिऊन झाल्यावर त्यांनीच विसळायची, वरून चहा ओतणारा हात लांबूनच. तुझ्या आजीनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. ती सांगताना तिचा आवाज बदलायचा. हे एवढ्यासाठी लिहिलं की 'चहाच तर आहे' असं जे म्हणतात त्यांनी चहा कधी नीट पाहिलेला नाही. तुझी जीभ 'नको' म्हणताना अडखळते त्यात तुझा भित्रेपणा नाही. त्या कपात माणसांनी फार काही भरून ठेवलं आहे.

जॉर्ज ऑर्वेलचं नाव तू कॉलेजात ऐकलं असशील. तो जन्मला आपल्या देशात, बिहारमध्ये मोतिहारीला. त्यानं 12 जानेवारी 1946 रोजी लंडनच्या एका सायंदैनिकात चांगल्या चहाचे अकरा नियम लिहिले. युद्ध संपलं होतं तरी तिथे चहाला रेशन होतं, माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे सत्तावन्न ग्रॅमच्या आसपास. अशा वेळी हा माणूस ठणकावून सांगतो की चहा हिंदुस्थानचा किंवा सिलोनचा हवा, कडक हवा, आणि त्यात साखर घालणाऱ्याला चहाचा खरा भोक्ता म्हणता येणार नाही. हे शेवटचं मला पटत नाही. साखर घालणाराही भोक्ताच. एरंडोलच्या स्टँडवर एसटी थांबल्यावर बशीत ओतून फुंकून गोड चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे सुख असतं ते कोणत्या नियमात बसवणार? पण ऑर्वेलची एक गोष्ट मला मनापासून आवडते. त्याला जे आवडतं ते त्यानं आवडतं म्हणून लिहिलं, तब्येतीची सबब पुढे केली नाही. तेवढं त्याच्याकडून घे. इतरांच्या कपाचा न्याय करणं मात्र घेऊ नकोस.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते. सासूबाई म्हणतात की साखर पाण्यातच उकळायला हवी, वरून घातलेल्या साखरेचा चहा निराळा लागतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पाण्यात पत्तीबरोबर उकळलेली साखर चहात मुरते, ढवळलेली वरवर राहते, मलाही तो फरक कळतो. म्हणून सगळ्यांच्या कपात नंतर साखर घालायचा सुधारक प्रस्ताव मांडू नकोस, तो हाणून पाडला जाईल आणि त्यांच्या बाजूनं ते योग्यच असेल. तू आपली छोटी पातेली वेगळी ठेव. अद्रक ठेचून आधी पाण्यात टाक आणि पाण्यातच चांगलं उकळू दे. कच्चं अद्रक थेट दुधात पडलं तर दूध फाटायची भीती असते, उकळल्यावर त्याचा तो गुण जातो. मग पत्ती. इथे लक्ष दे: साखर काढलीस की पत्तीही कमी कर आणि उकळी थोडकी दे. पुष्कळजणी साखर तेवढी वगळतात, बाकी सगळं तेच ठेवतात, आणि मग कडू काढा पिऊन म्हणतात की फिका चहा वाईट लागतो. तुमच्याकडे म्हशीचं दूध आहे, सहा टक्क्यांच्या वर फॅट असलेलं. ते कडवटपणा बराच आत घेतं, त्याचा फायदा होईल. गवती चहाचं एक पान हातानं चुरगाळून शेवटी टाक आणि झाकण ठेव. झाकण काढल्यावर जो वास येतो त्यात साखरेची आठवण होत नाही, करून बघ. आणि हा चहा जेवणावर लगेच पिऊ नकोस. आयसीएमआरच्या 2024च्या आहारविषयक सूचनांतही जेवणाआधी-नंतर तासभर चहा टाळायला सांगितलं आहे, अन्नातलं लोह अंगी लागत नाही म्हणून. तुझं हिमोग्लोबिन लग्नाआधीच कमी होतं.

सासऱ्यांना शुगर निघाल्यापासून ते गुळाचा चहा घेतात, 'गूळ चालतो' म्हणतात, असं तू लिहिलंस. त्याची मला काळजी वाटली. गुळाचा चहा मला प्राणाहून प्रिय आहे. गॅस बंद करून, उकळी बसल्यावर गूळ घालायचा म्हणजे दूध फाटत नाही, आणि असा जमलेला चहा साखरेच्या चहाला मागे टाकतो. पण गुळातही बहुतेक साखरच असते. शुगरवाल्या माणसाला त्याची सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सुचवलेली अधिक कडक मर्यादा धरली तर धडधाकट माणसाला वरून घेतलेली साखर पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, म्हणजे सहा चहाचे चमचे, त्यातच मिठाई आणि बिस्किटंही आली. सासऱ्यांचे तीन कपच तेवढे भरवतात. हे त्यांना तू सांगू नकोस, तुझ्या नवऱ्याला सांगू दे, आणि त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. आणखी एक: त्यांच्यासाठी छोटी पातेली चढायला लागली तर 'बरं झालं, माझाही त्यातच होईल' म्हणून त्यांच्या आजारात आपली आवड मिसळू नकोस. त्यांचं कारण त्यांचं, तुझं तुझं. 'मला कमी गोड आवडतो' एवढं वाक्य एकदा मोठ्यानं घरात बोलून झालंच पाहिजे.

शेवटचं एक काम. तुझ्या पत्रात घरातल्या प्रत्येकाचा चहा आहे. सासऱ्यांचा गुळाचा, दिरांचा दाट, आजेसासूबाईंचा बशीतला, पाहुण्यांचा इलायचीचा. सासूबाईंचा नाही. सगळ्यांना देऊन झाल्यावर पातेल्यात उरलेला त्या गाळून घेतात, तोही निवलेला, असं एका ओळीत येऊन गेलं आहे. त्यांना चहा कसा आवडतो, हे त्या घरात आल्यापासून कोणी विचारलं आहे का? तू विचार. पातेली चढवायच्या आधीच विचार, आणि त्या सांगतील तसा पहिला कप त्यांना दे. त्या काय म्हणाल्या ते मला सविस्तर कळव.

जावईबापूंना आशीर्वाद, वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझी,
मावशी