जस्ताचा तुकडा

वडील गेल्यानंतर त्यांची होडी तीन पावसाळे माडांखाली झापांच्या आडोशाला पडून होती. दादा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाऊ लागला होता. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी दिल्लीहून मालवणला गेलो, तेव्हा तो इतकेच म्हणाला, "इलंस तर हात लाव."

मी भाषा शिकवतो. त्यामुळे होडीकडे पाहताना मला प्रथम सुचले ते शब्दच. 'सुकाणू' अरबीतून आलेला, 'नाखवा' फारसी 'नाखुदा'वरून, 'खलाशी' पुन्हा अरबी. समुद्राच्या दोन्ही काठांनी मिळून ही होडी बांधली आहे, असे काहीसे मी दादाला सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि माझ्या हाती पेचकस दिला. फळीफळीवर टोक टोचून पाहायचे होते. टणक लाकूड टोक परत फेकते. कुजलेले मुकाट्याने आत घेते. चार फळ्यांनी ते मुकाट्याने घेतले. त्यांच्या जागी फणसाच्या नव्या फळ्या आल्या, गंजलेले खिळे निघाले, सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल यांचे मिश्रण भरले गेले.

खरी परीक्षा होती ती मशीनची. पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचे हे आउटबोर्ड मशीन वडिलांनी १९९४ साली हप्त्यांवर घेतले. त्याच वर्षी मी पुण्याला शिकायला गेलो. दादालाही मुंबईत फिटरच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. परंतु मशीनचा हप्ता आणि माझा खर्च या दोहोंसाठी समुद्रावर दोन माणसे हवी होती. दादा गेला नाही. या विषयावर आमच्या घरात कधी चर्चा झाल्याचे मला स्मरत नाही; किंबहुना ती न होणे हीच माझी सोय होती.

कार्ब्युरेटरमध्ये जुन्या इंधनाचा चिकट थर बसला होता. थंड पाणी वर खेचणारे रबरी चक्र ताठरून गेले होते. ते बदलावे लागले. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या अंगात असे रुतले होते की प्रत्येकाला तेल पाजून दिवसभर वाट पाहावी लागली. मशीनच्या तळाशी, पंख्याजवळ, खड्डे पडलेला एक करडा तुकडा होता. दादाने तो काढून तिथे नवा बसवला. दुसऱ्या दिवशी मी हौसेने सगळ्या मशीनला रंग देताना त्यालाही दिला. दादा प्रथमच चिडला. "रंग लावलंस तेका? खरवड आधी. तो झिजता म्हणान बाकीचा रवता."

तो जस्ताचा तुकडा होता. खाऱ्या पाण्यात निरनिराळे धातू एकमेकांच्या संगतीत आले की त्यांच्यात विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि जो धातू अधिक क्रियाशील तो आधी विरघळतो. पोलादाच्या सहवासात ॲल्युमिनियम झिजले असते. जस्त ते झिजणे आपल्याकडे घेते. मात्र त्यासाठी त्याला उघडे राहावे लागते. त्याच्यावर रंग चढवला की त्याचे काम थांबते. मी अर्धा तास कागदाने घासून तो रंग काढला. त्या वेळी दादाकडे पाहण्याचे मी टाळले.

"ह्येका काय म्हणतत?" मी नंतर विचारले. माझ्या वहीत होडीचे चाळीसएक शब्द जमले होते.

"जस्त. आनी काय?" तो म्हणाला.

गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन उभे करून दादाने दोरी ओढली. सातव्या खेपेला ते धडधडले, आणि बाजूच्या बारीक छिद्रातून पाण्याची धार उडाली. चक्र पाणी खेचत असल्याची ती खूण. दादा हसला. पावसाआधी होडी खाडीत लोटली, तेव्हा मात्र सांध्यासांध्यांतून पाणी आत आले. मी घाबरलो. "पिऊ दे तेका," दादा म्हणाला, "लाकूड फुगला काय फटी बुजतल्यो."

ती रात्र आम्ही दोघांनी होडीत पाणी उपसत काढली. पहाटेपर्यंत पाणी येणे पुष्कळच कमी झाले. तीस वर्षांत जे मी दादाला म्हणालो नव्हतो, ते म्हणायला इतका निवांत वेळ मला पुन्हा मिळणार नव्हता. वहीतले सारे शब्द जवळ होते. मी पाणी उपसत राहिलो.