सीटखालचा डबा

गळीत हंगामात सांगलीकडून तासगावमार्गे विट्याला जाणाऱ्या रस्त्यावर ज्याने मोटारसायकल चालविली असेल, त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरची गती सांगावी लागत नाही. आमची पेढी इचलकरंजीत, व्यापार सुताचा. माझा पुतण्या आठवड्यातून दोनदा विट्याच्या यंत्रमागधारकांकडे वसुलीसाठी जातो. त्याची गाडी एका सिलिंडरची, चारशे सीसीच्या आसपासची. मोकळ्या रस्त्यावर तिची कसलीच तक्रार नसे. परंतु ट्रॅक्टरमागे वीस-पंचवीसच्या वेगाने जाताना ती धक्के खाई. रेस थोडी उघडली की उसळे, मिटली की मागून कुणी ओढल्यासारखी अडे. ट्रॉली ओलांडण्याच्या नेमक्या क्षणी गाडीने असे अडखळणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून त्याने इंजिनाला इंधन वाढवून देणारा इलेक्ट्रॉनिक डबा बसविण्यासाठी चौदा हजार रुपये मागितले, तेव्हा ‘तरुण पोरांची हौस’ असे म्हणून मला ते उडवून लावता आले नाही. धाकट्या बंधूंनी मात्र ते लगेच उडवून लावले.

आमच्या जुन्या मेकॅनिकने प्रथम डब्याला हातच लावू दिला नाही. आधी त्याने सैल झालेली चेन ताणली, रेसच्या केबलमधील ढिलाई काढली, एअर फिल्टर बदलला. एवढ्यानेच निम्मे धक्के गेले! घरात अशी तक्रार असणाऱ्यांनी पैसे खर्चण्यापूर्वी हे अवश्य करून घ्यावे. उरलेल्या निम्म्याचे कारण मात्र इंजिनाच्या हिशेबात होते.

तो हिशेब असा. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले, आणि धुरातील विषारी वायू निवविणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ह्याच प्रमाणाच्या आसपास चोख काम करतो. त्यामुळे गाडीतील संगणक, म्हणजे ईसीयू, सायलेन्सरच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सरकडून क्षणाक्षणाला जमाखर्च मागतो आणि पेट्रोल कमी-अधिक करीत राहतो. इंजिनाची गोडी मात्र किंचित अधिक पेट्रोलात असते. हवा तेरा भागांच्या आसपास आली की ते जोमाने आणि मऊपणे चालते. एकाच सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात, फेऱ्या कमी असताना, हा फरक हाताला कळतो.

डबा बसतो तो ईसीयू आणि इंजेक्टर ह्यांच्या मध्ये. इंजेक्टर उघडण्याचा हुकूम सुटला की हा डबा तो सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या मापाने थोडा लांबवितो आणि पेट्रोल थोडे अधिक पडते. पण एवढ्याने भागत नाही. सेन्सर लगेच चुगली करतो आणि ईसीयू वाढलेले पेट्रोल परत कापतो. म्हणून सेन्सरची वायरदेखील डब्यातूनच जाते, आणि ईसीयूच्या हाती बदललेला आकडा पडतो. बसविणाऱ्याने हे अगदी सहज सांगितले. माझ्यातला व्यापारी मात्र चपापला. मुनिमाला एक वही आणि मालकाला दुसरी, असाच हा प्रकार नव्हे काय?

पुतण्याचे म्हणणे वेगळे होते. “दादा, ईसीयूला फसवून मी कुणाचे काही घेत नाही. पेट्रोल माझे, गाडी माझी.” ह्यावर माझे उत्तर एवढेच होते की, धूर मात्र त्याच्या एकट्याचा नाही. पेट्रोल वाढले की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. शिवाय गाडीला प्रदूषणाची जी मान्यता मिळालेली असते, ती कंपनीच्या मूळ मांडणीला. अखेर दोघांनी मिळून तोडगा काढला. डब्यावर कमी-अधिक पेट्रोलाचे निरनिराळे मॅप निवडण्याची कळ होती. तिच्यावरचा सर्वांत सौम्य मॅप ठेवायचा.

बसविण्याचे काम तासाभरात आटोपले. बॅटरीची ऋण वायर आधी सोडविली, सीट काढली, टाकी थोडी उचलली. इंजेक्टरचा एक कपलर आणि सेन्सरचा एक, असे दोनच जोड. मूळ वायर कोठेही कापली नाही, ही मला त्यातली सर्वांत पसंत पडलेली गोष्ट. वायरी इंजिनाच्या उष्णतेपासून दूर बांधल्या आणि डबा सीटखाली दडविला. दुसऱ्याच दिवशी पुतण्या ट्रॅक्टरमागून विट्याला जाऊन आला. गाडी आता दुसऱ्या गिअरमध्ये लोण्यासारखी चालते, असे त्याने सांगितले. मी स्वतः मागे बसून पाहिले. ते खरे होते. ॲव्हरेज लिटरला तेहेतीसवरून तीसवर आले, हेही खरे. पीयूसी पास झाली. परंतु दुचाकीची ती तपासणी गाडी जागेवर उभी असताना, इंजिन निवांत चालू ठेवून होते. रस्त्यावर भार पडल्यावर काय बाहेर पडते ते त्या कागदावर उमटत नाही, हे जाणूनच मी तो कागद हाती घेतला.

खरा पेच पुढेच होता. बसविणारा जाता जाता म्हणाला होता, “सर्व्हिसिंगला नेण्याआधी दोन कपलर काढा, डबा घरी ठेवा. वॉरंटीला धक्का नाही, कुणाला कळतही नाही.” सगळेच तसे करतात म्हणे. आता आमच्या धंद्यात पाहा. आमच्याकडून नेलेल्या सुताच्या पोत्यात दुसऱ्याचे कोन मिसळून, मग धागा तुटतो म्हणून कुणी भरपाई मागावयास आला, तर आपण त्याला काय म्हणतो? असे गिऱ्हाईक आम्ही पाहिले आहे, आणि पुन्हा त्याला उधारीवर माल दिलेला नाही. मी पुतण्याला एवढेच सांगितले. निर्णय त्याच्यावर सोपविला.

त्याने सर्व्हिस सेंटरच्या खिडकीवर डब्याची गोष्ट आपण होऊन सांगितली. तेथील माणूस क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिला, म्हणे. मग त्याने जॉब कार्डवर नोंद केली : इंजिन आणि इंधन यंत्रणेस वॉरंटी लागू नाही.

तीन महिन्यांनी इंधन पंप गेला. डब्यामुळे गेला, असे मेकॅनिकला वाटत नाही. वॉरंटीत मात्र तो बसला नाही. साडेपाच हजारांचे बिल आले. धाकट्या बंधूंनी ते पेढीच्या खर्चात घेण्यास साफ नकार दिला आणि माझ्या नावे लिहिले. पुतण्या पहिल्या तारखेला त्यातले निम्मे घेऊन आला. मी ते ठेवून घेतले.