चावी हातात, तरी दार बंद : क्लाऊडभोवतीचं कुंपण



'क्लाऊड' हा शब्द ऐकला की अजूनही बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर आकाश येतं. नवी मुंबईत राहणाऱ्यांनी मात्र वर बघायची गरज नाही. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत. आपल्या खारघरजवळ पनवेलला २०२० मध्ये योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं. मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई इथून २०१५ मध्ये क्लाऊड सेवा द्यायला सुरुवात केली, ॲमेझॉनने मुंबईतून २०१६ मध्ये. म्हणजे क्लाऊड जमिनीवरच आहे. फक्त जागा दुसऱ्याची आणि भाडं आपलं.

या भाड्याच्या जागेत एक गोष्ट वेगळी असते, आणि आजचा पाठ तिच्यावरच आहे. पूर्वी संस्थेचा सर्व्हर संस्थेच्याच खोलीत असायचा. त्याच्यापर्यंत पोहोचायला आधी इमारतीत शिरावं लागायचं. क्लाऊडमधल्या साठवणुकीला, म्हणजे स्टोरेज अकाउंटला, इंटरनेटवरचा एक सार्वजनिक पत्ता मिळतो. वेगळी बंदी घातली नाही, तर त्या पत्त्यावर जगातला कुणीही येऊन दार ठोठावू शकतो. दार उघडतं ते चावीने. पण चावी लावणारा माणूस कुठे उभा आहे, हे दार विचारत नाही.

मग चावी चोरीला गेली तर?

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत असंच घडलं. चुकीच्या पद्धतीने मांडलेल्या फायरवॉलमधून एका व्यक्तीने क्लाऊडच्या तात्पुरत्या चाव्या मिळवल्या आणि त्या वापरून साठवणुकीतल्या फाइली उतरवून घेतल्या. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती त्यात होती. चावी खरी होती, म्हणून दार उघडलं. 'चावी खरी आहे, पण तू आमच्या आवारातला नाहीस' असं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.

हे म्हणण्याचं काम कुंपण करतं. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये त्याला नेटवर्क सिक्युरिटी पेरिमीटर म्हणतात. गुगल क्लाऊडमध्ये व्हीपीसी सर्व्हिस कंट्रोल्स नावाची याच जातीची सोय आहे. आज आपण अझूरचं उदाहरण घेऊ, कारण ते मी गेल्या वर्षी माझ्या संध्याकाळच्या बॅचच्या मुलांसोबत उभं केलं.

काम कुठून आलं

ओळखीच्या एका सरांचा शिकवणी वर्ग आहे. प्रवेश अर्ज, मुलांचे फोटो, जन्मतारखा, घरचे पत्ते, पालकांचे मोबाईल नंबर असं सगळं त्यांनी क्लाऊडवर ठेवलं होतं. मी कुंपणाचा विषय काढला तेव्हा सर हसले. "मॅडम, आमच्याकडे चोरायला आहे काय? आम्ही काय बँक आहोत?"

मी त्यांना म्हटलं, "सर, एक अर्ज उघडून वाचा." सातवीतल्या मुलीचा अर्ज होता. नाव, फोटो, राहता पत्ता, कोणत्या बॅचला येते, किती वाजता सुटते. सरांनी वाचला आणि ते गप्प झाले. बँकेतले पैसे भरून देता येतात. ही माहिती एकदा बाहेर गेली की परत आणता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्यांच्या माहितीबाबत जास्त जबाबदारी टाकली आहे. पण कायदा नसता तरी तो अर्ज पुरेसा होता.

कमांड लाइनच का?

मुलांनी विचारलं, "मॅडम, पोर्टलवर चार क्लिक केले की होतं ना? काळ्या पडद्यावर टाइप कशाला करायचं?"

क्लिक करून कामं होतात, पण आपण काय केलं हे नंतर दुसऱ्याला वाचून दाखवता येत नाही. कमांड एका फाइलमध्ये लिहिल्या की ती फाइल म्हणजे आपली वही. चालवण्याआधी ती चार जणांनी वाचायची, चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करायची. सहा महिन्यांनी 'हा पत्ता आत का घेतला होता?' असा प्रश्न आला, तर उत्तर वहीत सापडतं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनकडे रजिस्टर असतं, ते काही उगाच नाही.

कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या असतात, इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिते. आधी 'एझेड लॉगिन' करून आत जायचं. पेरिमीटरच्या कमांड 'एनएसपी' नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये येतात, तेवढं एकदा बसवून घ्यायचं. पुढचा क्रम असा :

१. कुंपणाची आखणी – 'एझेड नेटवर्क पेरिमीटर क्रिएट'. सोबत नाव, रिसोर्स ग्रुप आणि ठिकाण द्यायचं. या क्षणी कुंपण कागदावरच असतं, आत काहीच नाही.

२. प्रोफाइल – 'पेरिमीटर प्रोफाइल क्रिएट'. प्रोफाइल म्हणजे नियमांचा एक संच. एकाच आवारात दोन विंगना वेगळे नियम लावावेत, तसं.

३. नियम – 'पेरिमीटर प्रोफाइल ॲक्सेस-रूल क्रिएट'. आत येणाऱ्यांसाठी आयपी पत्ता किंवा सबस्क्रिप्शन सांगायचं, बाहेर जाणाऱ्यांसाठी ज्या संकेतस्थळाकडे जायची मुभा आहे त्याचं नाव.

४. जोडणी – 'पेरिमीटर असोसिएशन क्रिएट'. कोणतं स्टोरेज अकाउंट, कोणती की व्हॉल्ट (म्हणजे गुपितं ठेवायची तिजोरी) कोणत्या प्रोफाइलखाली येणार, ते इथे ठरतं. कुंपणाच्या आतल्या गोष्टी एकमेकींशी बोलू शकतात. बाहेरच्याला नियम लागतो.

लगेच कुलूप लावायचं नाही

जोडणी करताना एक मोड सांगावा लागतो. 'एन्फोर्स्ड' म्हटलं की नियमात नसलेली बाहेरची प्रत्येक विनंती अडते. त्याआधीची पायरी म्हणजे 'ट्रान्झिशन' मोड. पूर्वी त्याला 'लर्निंग' म्हणायचे, आणि मला ते जुनं नाव जास्त आवडतं. या मोडमध्ये कुंपणाच्या नियमात न बसणारी विनंतीही स्टोरेजच्या आधीच्या फायरवॉलने चालत असेल तर चालू राहते. पण डायग्नॉस्टिक लॉग सुरू केले असतील, तर कोण कुठून आलं आणि कुंपण असतं तर तो अडला असता का, याची नोंद होते.

आम्ही पंधरा दिवस नोंदी जमवल्या. त्याआधी सरांना कागदावर यादी करायला सांगितलं होतं : तुमच्या मते या फाइलींपर्यंत कोण कोण जातं? सरांनी दोनच नावं लिहिली. ऑफिसचा संगणक आणि त्यांचा स्वतःचा मोबाईल.

नोंदींत तिसरा पत्ता निघाला. रोज मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळी येणारा आणि सगळ्या फाइली वाचून जाणारा. मुलं एकदम सावध झाली. "मॅडम, हॅकर!" शोध घेतल्यावर कळलं की ज्या तरुणाने सुरुवातीला ही व्यवस्था बसवून दिली होती, त्याच्या संगणकावर चाचणीसाठी लावलेलं एक काम तसंच चालू राहिलं होतं. त्याने वर्षभरापूर्वी दुसरीकडे नोकरी धरली होती आणि ते काम तो पार विसरून गेला होता. सरांनी फोन केला तेव्हा तोच जास्त घाबरला. त्याने प्रत पुसून टाकली, सरांनी चाव्या बदलल्या.

त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण अनेक महिने शेकडो मुलांचे पत्ते एका परक्या संगणकावर रोज रात्री उतरत होते आणि कुणालाही ठाऊक नव्हतं. चावी खरी असल्यामुळे कुठे घंटाही वाजली नाही.

पत्त्यांची गोम

नियमात आयपी पत्ता लिहिताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : संगणकाच्या सेटिंगमध्ये दिसणारा १९२.१६८.१.५ सारखा पत्ता नियमात चालत नाही. तो घरातला पत्ता आहे. खारघरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये, कितीतरी इमारतींत '३०२ नंबर' असतो. नुसतं ३०२ सांगून पत्र पोहोचत नाही, तसंच हे. बाहेरच्या जगाला दिसणारा सार्वजनिक पत्ता लागतो.

दुसरी : तिरप्या रेघेपुढचा आकडा. /३२ म्हणजे एकच पत्ता, /२४ म्हणजे २५६ पत्ते, आणि ०.०.०.०/० म्हणजे सगळेच्या सगळे, सुमारे ४२९ कोटी. 'चालत नाहीये' म्हणून वैतागून कुणी शेवटचा प्रकार लिहिला, तर कुंपण उभं करून फाटक काढून टाकल्यासारखं होतं.

तिसरी : घरगुती ब्रॉडबँड आणि मोबाईलचा सार्वजनिक पत्ता बदलत राहतो, शिवाय बरेचदा तो अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. तो आत घेतला तर आपल्याबरोबर अनोळखी शेजारीही आत येतात. म्हणून ऑफिसच्या जोडणीसाठी सरांनी कायमचा, म्हणजे स्टॅटिक, पत्ता घेतला आणि तेवढा एकच नियमात गेला.

यावरून सर थोडे नाराज झाले. "म्हणजे मी माझ्याच मोबाईलवरून माझ्याच फाइली बघायच्या नाहीत?" नाही बघायच्या, सर. ऑफिसात येऊन बघायच्या. दोन दिवस कुरकुर झाली, मग सवय झाली. सुरक्षेची किंमत बहुतेक वेळा अशी थोड्या गैरसोयीतच मोजावी लागते, हे मुलांनी त्या दिवशी समोर पाहिलं.

नोंदी स्वच्छ दिसायला लागल्यावर मोड 'एन्फोर्स्ड' केला. मग एका विद्यार्थ्याने खरी चावी घेऊन स्वतःच्या मोबाईलच्या नेटवरून प्रयत्न केला. नकार आला. वर्गात टाळ्या पडल्या!

कुंपणाने काय होत नाही

जून २०१७ मध्ये नोटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो शिरला आणि मार्स्क या जहाज कंपनीचं जाळं त्यात कोसळलं. त्याची झळ आपल्या शेजारी न्हावा शेव्याच्या बंदरात पोहोचली. मार्स्क समूहाकडे असलेल्या गेटवे टर्मिनलचं काम ठप्प झालं. पुढे मार्स्कने सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले.

हा क्लाऊडवरचा हल्ला नव्हता, पण त्यातला धडा इथेही लागू आहे. नोटपेट्या भरवशाच्या वाटेनेच आत आला होता, आणि एकदा आत आल्यावर एका संगणकावरून दुसऱ्यावर भराभर पसरला. आपल्या सरांच्या ऑफिसातलाच संगणक उद्या बाधित झाला, तर पेरिमीटर त्याला 'ओळखीचा' म्हणून आत सोडेल. शिवाय हे कुंपण स्टोरेज, डेटाबेस, की व्हॉल्ट यांसारख्या सेवांभोवती बसतं. व्हर्च्युअल मशीनला वेगळी व्यवस्था लागते. म्हणून बॅकअप, चाव्या बदलणं, प्रत्येकाला गरजेपुरताच अधिकार देणं, ही कामं कुंपण झालं तरी सुटत नाहीत.

तुमच्यासाठी स्वाध्याय

अझूरचं खातं नसलं तरी चालेल, हा अभ्यास वहीत करता येतो. तुमच्या घरातली, वर्गातली किंवा वडिलांच्या दुकानातली ऑनलाइन ठेवलेली एक गोष्ट निवडा. फोटो, हिशेब, काहीही. मग लिहा :

१. हिच्यापर्यंत कोण पोहोचतं असं तुम्हाला वाटतं?
२. प्रत्यक्षात कोण पोहोचू शकतं? शेअर केलेल्या लिंक, जुने फोन, नोकरी सोडून गेलेली माणसं, सगळं तपासा.
३. दोन्ही याद्यांत जो फरक पडला, त्यातल्या प्रत्येक नावापुढे 'ठेवायचं' किंवा 'काढायचं' असं लिहा, आणि कारणही लिहा.

तिसरी यादी तयार झाली की कमांड लिहायला दहा मिनिटं लागतात. वेळ लागतो तो यादीला. वह्या पुढच्या शनिवारी आणा, वर्गात एकमेकांच्या वाचू.