वंगणाची निवड

तेल घातलें कीं यंत्र सुरळीत चालतें, अशी पुष्कळांची समजूत असते. एके काळीं आमचीही होती. पण ती आम्हांस महाग पडली.

१९८१ सालीं मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ औरंगाबादेंत बसूं लागलें आणि आमच्या तीर्थरूपांच्या टाइपरायटरला रात्रंदिवस काम मिळालें. त्या खडखडाटावर घरची चूल पेटत असे. आम्ही तेव्हां शाळकरी होतों. तीर्थरूपांस बरें वाटावें म्हणून आम्हीं शिवणयंत्राच्या तेलाची अर्धी कुपी त्या यंत्राच्या खांचांत ओतली. चार दिवस यंत्र लोण्यासारखें चाललें. मग उन्हाळ्यांतली धूळ त्या तेलांत कालवली गेली आणि नेमक्या एका अर्जाची मुदत संपण्याच्या दिवशीं अक्षरांच्या काड्या वरच अडकून राहूं लागल्या. तीर्थरूपांनीं तें काम दुसऱ्याकडे दिलें, त्या दिवसाच्या मिळकतीवर पाणी सोडलें आणि पेट्रोल व दांतांचा जुना ब्रश घेऊन एकेक खांच पुसली. रागावले मुळींच नाहींत. “ह्या खांचा कोरड्याच ठेवावयाच्या. तेल हवें तें कॅरेज सरकतें तेथें, आणि तेंही थेंबभर,” एवढेंच म्हणाले. अति तेथें माती, ही म्हण आम्हीं त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिली.

शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपती संभाजीनगर झालें. घर मात्र तेंच आहे. आमचा पुतण्या रात्रीं घरूनच कचेरीचें काम करतो. त्याच्या मेकॅनिकल कीबोर्डचा आवाज माजघरांत निजणाऱ्या मातुश्रींपर्यंत जाई. परवां त्यानें विचारलें, “काका, तें शिवणयंत्राचें तेल कोठें आहे?”

आम्हीं कुपी दिली नाहीं. कशावर काय घासतें, तें आधीं पाहूं म्हटलें. ह्या स्विचांत प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतें, आणि खनिज तेलानें कांहीं प्लॅस्टिकें बिघडतात. म्हणून फ्लोरिनयुक्त कृत्रिम वंगण वापरतात. सरळ खालीं जाणाऱ्या स्विचांस दाट ग्रीस चालतें. मध्यें बोटाला उंचवटा जाणवणाऱ्यांस पातळ हवें, तेंही उंचवट्याची जागा सोडून; नाहींतर तो जाणवेनासा होतो. टिक्‌ असा वाजणाऱ्यांस बहुधा लावीतच नाहींत. पुतण्याचे स्विच उंचवट्याचे. तरी आवाज पार बंद व्हावा म्हणून तो दाटच मागवीत होता.

तेवढ्यांत मातुश्री म्हणाल्या, “अगदीं मुकें करूं नकोस रे. तो आवाज असला कीं घरांत कोणी कामाला बसलें आहे, असें वाटतें.”

मग पातळच मागविलें. चष्मा लावून, बारीक कुंचल्यानें, आम्हीं दोघांनीं तें दोन रात्रीं लावलें. आतां कीबोर्ड हळू वाजतो, आणि मातुश्री त्या आवाजांत स्वस्थ निजतात.