बेडकी नव्हे, मनगट!

मुलांनो, मधल्या सुट्टीत बाक रिकामा सापडला की काय होतं, ते मी सांगायला हवं का? दोघं समोरासमोर बसतात, कोपरं टेकवतात, पंजात पंजा अडकवतात आणि बाकीची सगळी पलटण भोवती कोंडाळं करून कल्ला करते.

मी पंजा पहिल्यांदा पाहिला तो मात्र शाळेत नव्हे, साखर कारखान्यावर. इंदापूर तालुक्यात भवानीनगरजवळ माझं आजोळ. हंगाम सुरू झाला की कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची ही लांबलचक रांग लागायची. नंबर येईपर्यंत तोडणी कामगार शेकोटी करून बसायचे आणि मग कुणीतरी पंजा काढायचंच. मामा मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचा. तिथे एक काटकुळा माणूस होता. अंगावर मांस म्हणून नाही! पण तालमीतली पोरं दंडाच्या बेडक्या फुगवून त्याच्यासमोर बसायची आणि बघता बघता आडवी व्हायची. मी तोंडाचा आ वासून बघायचो.

मामा म्हणाला, "अरं, त्याच्या दंडाकडं काय बघतोस? मनगट बघ की! दिवसभर कोयता चालवतंय ते."

मामाचं बोलणं अगदी शास्त्रशुद्ध होतं बरं का. पंजाचे दोन मुख्य डाव आहेत. एकात आपलं मनगट आत वळवून समोरच्याला स्वतःकडे ओढायचं. दुसऱ्यात त्याच्या बोटांवर वरून ताण देऊन त्याची मूठच उघडायची. मूठ उघडली की मग दंड केवढा का असेना, त्याची ताकद हातापर्यंत पोहोचतच नाही.

बारामतीला शाळेत असताना आमच्या वर्गातल्या एका मुलाचा दंड पंजा लढवताना मोडला. काडकन आवाज आला आणि सगळा वर्ग गप्प! तो हरत आला होता. हात वाचवायला त्यानं तोंड आणि खांदा दुसरीकडे फिरवला, हात मागेच राहिला आणि दंडाच्या हाडाला पीळ बसला. नेमका हाच या खेळातला सर्वांत मोठा धोका. म्हणून स्पर्धेतले खेळाडू आधी एक गोष्ट शिकतात: नजर आपल्या पंजावर ठेवायची आणि खांदा पंजाच्या मागेच ठेवायचा. हात निसटायला लागला तर मुकाट्यानं हरायचं. बाकावर लढणाऱ्यांनी एवढं तरी पाठ करावंच.

स्पर्धेचं टेबलही वेगळं असतं. कोपराखाली गादी, मोकळ्या हातानं धरायला खुंटी. कोपर उचललं की चूक, दोन चुका झाल्या की डाव गेला. पकड सुटली तर पंच दोघांचे हात पट्ट्यानं बांधतात.

या खेळाची मोठी स्पर्धा सुरू झाली ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी. आपल्याकडे ऊस तसं त्या गावाचं नाव कोंबड्या आणि अंड्यांमुळे. तिथल्या एका गुत्त्यात गप्पांच्या ओघात पंजा रंगायचा. बिल सोबरानेस नावाच्या बातमीदारानं ते उचलून धरलं आणि 1962 पासून तिथे जागतिक स्पर्धा भरू लागली. 1968 मध्ये तर चित्रमालिकेतला स्नूपी कुत्राही पेटालुमाला निघाला! बिचारा बाद झाला, कारण त्याला अंगठाच नव्हता.

पण माझा आवडता गडी म्हणजे जॉन ब्रझेंक. जन्म 1964 चा. वडीलही पंजा लढवायचे, त्यांच्यामुळे हा टेबलापाशी आला. 1986 मध्ये लास वेगासला ट्रकचालकांच्या गटात तो जिंकला, तेव्हा बक्षीस काय मिळालं असेल? चक्क एक भलामोठा मालट्रक! आपल्यापेक्षा कितीतरी वजनदार माणसांना त्यानं लोळवलं, पन्नाशी उलटल्यावरही तो टेबलावर उभा राहिला. गिनेस बुकानं त्याला सर्वश्रेष्ठ ठरवलं. आणि एवढा हा जगज्जेता पोटासाठी काय करायचा? विमान कंपनीत मेकॅनिक होता.

2008 मध्ये त्याला कॅनडाच्या डेव्हन लॅरटनं हरवलं. लॅरट सैन्याच्या विशेष दलातला जवान. दोन्ही कोपरांवर शस्त्रक्रिया झाल्या, तरी तो परत आला. पुढे 2022 मध्ये दुबईत जॉर्जियाच्या लेवान सगिनाश्विलीनं त्याला नमवलं. लेवान पावणेदोनशे किलोच्या आसपासचा! इथे मात्र मामाचं गणित थोडं चुकतं, हे मान्य करायला हवं. मनगटाच्या मागे डोंगर उभा असला तर त्याचाही उपयोग होतोच की.

आपल्या देशातही 2023 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ होते, त्यांत मुंबईचाही एक. मुलीही लढल्या. दिव्यांग खेळाडूंचे सामनेही झाले.

त्या वर्षी मामाला मी ते सामने मोबाइलवर दाखवले. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ह्यातला ऊसतोडीचा कोण हाय रं?"